कोसंबींची चार पाने आणि खारीतले भात

खारबंधारा फुटला की काय होते, हे कालावलच्या खाडीकाठच्या शेतकऱ्याला सांगायला नको. उधाणाचे पाणी कुणग्यांत शिरते आणि हिरवा तरवा बघता बघता करपतो. मग आपण कृषी सहायकाला विचारतो, "खारीत तगेल असे बी आहे काय?" आहे. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल-1, 2 आणि 3 या जाती तुमच्यापैकी काहींना ठाऊक असतील. पण असा गुण भातात नेमका कुठे दडलाय, हे आता शास्त्रज्ञ नकाशा काढून शोधतात. त्या नकाशाचे माप आपल्या शेजारच्या गोव्यात जन्मलेल्या एका गणित्याने दिले आहे.

त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी (1907-1966). कॉलेजात गेलेल्या मुलांना ते इतिहासकार म्हणून माहीत असतात. पोटापाण्याला मात्र गणित. आधी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात, नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत.

1944 साली विलायतेच्या एका नियतकालिकात त्यांचा चार पानांचा लेख आला. विषय शेतकऱ्याला समजण्यासारखा आहे. दोन भातांचा संकर केला की आईबापांचे गुण पुढच्या पिढ्यांत मिसळतात. गुणसूत्रावर जवळजवळ असलेले दोन गुण बहुधा जोडीने उतरतात, लांबचे फुटतात. किती रोपांत जोडी फुटली ते मोजायचे आणि त्यावरून अंतर काढायचे. गोम अशी, की मध्ये दोनदा तुटून सांधले गेले तर मोजणीत काहीच दिसत नाही. इंग्लंडच्या हाल्डेनने 1919 साली यावर सूत्र दिले होते, पण एका तुटीचा दुसरीशी संबंध नाही असे धरून. प्रत्यक्षात एका जागी तुटले की शेजारी तुटणे कमी होते. कोसंबींनी ते हिशेबात धरले. शंभरात वीस जोड्या फुटल्या, तर हाल्डेनचे अंतर 25.5 येते आणि कोसंबींचे 21.2.

आज भात-गव्हाचे जनुक-नकाशे करणारी संगणकाची आज्ञावली विचारते, "हाल्डेन की कोसंबी?" शास्त्रज्ञाचे वजन त्याच्या लेखाचा दाखला किती जण देतात यावर ठरवायची रीत आहे. त्या मापाने गणित्याची ही चार पाने पीकशास्त्रात भारी ठरली. उलट खुद्द गणितात 1943 साली त्यांनी मांडलेली एक मोलाची पद्धत पुढे दुसऱ्यांच्याच नावाने चालू झाली! आणि सगळेच साधले असेही नाही. गणितातले एक जुने कोडे सोडवल्याचा त्यांचा दावा 1959 साली चक्क कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. गणित्यांनी तो मानला नाही, आणि त्याने त्यांच्या नावाला बट्टा लागला. जुनी नाणी हजारोंनी तोलून झिजेवरून त्यांचा काळ लावणारा हा माणूस. एका खात्याच्या फूटपट्टीने मोजायचा तरी कसा?

आता पुन्हा खारीकडे. केरळच्या पोक्काळी भाताच्या पहिल्या गुणसूत्रावर 'साल्टोल' नावाचा तुकडा सापडला आहे. तो संकरित रोपात उतरला की नाही, हे पानाचा लहानसा तुकडा तपासून कळते. दरवेळी खाऱ्या पाण्यात लावून बघावे लागत नाही. मात्र तो तरव्याच्या वयातच उपयोगी पडतो. भात पोटरीला आल्यावर बांध फुटला, तर दुसरे गुण लागतात, आणि त्यांचा शोध अजून चालू आहे.