दीव, आम्ही दोघं आणि एक लॅपटॉप

बडोद्यात कुणालाही 'दीवला चाललोय' असं सांगितलं की समोरचा आधी डोळे मिचकावतो. गुजरातेत दारूबंदी आणि दीव केंद्रशासित, त्यामुळे माणूस तिथे एकाच कामासाठी जातो अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. आमच्या सोसायटीतले काकाही बॅगा बघून "मजा आहे बुवा!" म्हणाले. आम्ही दोघंही घेत नाही, हे त्यांना समजावत बसलो असतो तर बस चुकली असती.

नवरात्रातला गरबा संपला होता, कोजागिरीचं दूधही झालं होतं. दिवाळीची साफसफाई अजून सुरू व्हायची होती. जायचं तर याच दिवसांत, हे बायकोचं गणित. पावसाळ्यात दीवच्या समुद्रात उतरायला बंदी असते आणि दिवाळीच्या पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत सारा गुजरात घराबाहेर पडतो. तेव्हा खोल्यांचे भाव ऐकूनच माणूस घरी बसतो. मधल्या दिवसांत मात्र ऊन असलं तरी संध्याकाळी छान वारा सुटतो आणि किनाऱ्यावर बसायला जागाही मिळते.

लग्नाला सहा वर्षं झाली, पण आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. एकत्र कुटुंबात सहल म्हणजे सगळ्यांची. आई-बाबांना मागे ठेवून फिरायला जायचं म्हणजे मनात चोरट्यासारखं वाटतं. शेवटी आईच म्हणाली, "जाऊन या. घर काही पळून जात नाही."

मी लॅपटॉप घेतला. 'अडीअडचणीपुरता' असं म्हणालो. बायको काही बोलली नाही.

रात्रभर बसचा प्रवास करून भावनगर, महुवा, उना या रस्त्याने सकाळी पोहोचलो. भाड्याने स्कूटर घेतली. दीव एवढंसं बेट आहे की एका टाकीत सगळं फिरून होतं. रस्त्याच्या कडेला होकाची झाडं दिसतात. ताडासारखीच, पण फांद्या फुटलेली. ताडाला फांद्या बघून आम्ही दोघंही पहिल्यांदा चकित झालो.

पहिला दिवस किल्ल्यात गेला. तीन बाजूंनी समुद्र, तटावर जुन्या तोफा आणि समोर पाण्यातच बांधलेला पाणीकोठा. आपल्याला वसई माहीत असते ती चिमाजी अप्पांमुळे. पण वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली ती गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून, 1534 मध्ये. त्याला हुमायूनची धास्ती होती, म्हणून पोर्तुगीजांची मदत हवी होती. पुढच्याच वर्षी त्याने त्यांना दीवमध्ये किल्ला बांधू दिला आणि 1537 मध्ये याच समुद्रात त्यांच्याशी झालेल्या झटापटीत तो मारला गेला. वसई 1739 मध्ये मराठ्यांनी घेतली. दीव मात्र डिसेंबर 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिलं. शाळेत दोन वेगळ्या धड्यांत वाचलेल्या गोष्टी अशा एका तटावर उभं राहून जुळल्या, याचा फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसचा फोन आला. 'फक्त अर्धा तास' म्हणून मी खोलीत लॅपटॉप उघडला. अर्ध्या तासाचे तीन तास झाले. मान वर केली तेव्हा बायको खोलीत नव्हती आणि स्कूटरची चावीही नव्हती. फोन केला तर म्हणाली, "गंगेश्वरला आहे. ये सावकाश."

गंगेश्वर फुदम गावाजवळ, समुद्राला लागून असलेल्या कपारीत आहे. तिथे खडकात पाच शिवलिंगं आहेत. ती पांडवांनी स्थापन केली अशी श्रद्धा आहे. भरतीच्या वेळी लाटा येऊन त्यांच्यावर अभिषेक करून जातात. मी रिक्षाने पोहोचलो तेव्हा ती पायऱ्यांवर बसून लाटा बघत होती. चिडलेली नव्हती. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "ऑगस्टमध्ये मला पुण्याला बढतीवर बोलावलं होतं. मी नाही म्हणून कळवलं."

मला काही सुचेना. "मला विचारलंही नाहीस?"

"विचारायला तीनदा आले. तिन्ही वेळा तुझ्या कानात हेडफोन होते आणि तू हात वर करून सांगितलंस, दोन मिनिटं. ती दोन मिनिटं अजून चालूच आहेत."

आम्ही दोघंही घरून काम करतो, एकाच घरातल्या दोन खोल्यांत. दिवसभर बोलतो ते दूध, लाइटबिल आणि बाबांच्या गोळ्यांबद्दल. त्याला मी संसार म्हणत होतो. तिच्या नोकरीतला एवढा मोठा निर्णय माझ्या भिंतीपलीकडे झाला आणि मला पत्ता नव्हता.

संध्याकाळी चक्रतीर्थाच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे आयएनएस खुकरीचं स्मारक आहे. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री ही युद्धनौका दीवजवळच्या समुद्रात बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 खलाशी परत आले नाहीत. काचेतल्या नौकेच्या प्रतिकृतीसमोर आम्ही गप्प उभे राहिलो. मग खडकावर बसून सूर्य बुडेपर्यंत बोललो. पुण्याबद्दल, आई-बाबांबद्दल आणि आम्हाला मूल कधी हवं याबद्दलही. घरात या गोष्टी बोलायला दार लावावं लागतं.

तिसऱ्या दिवशी घोघल्याच्या किनाऱ्यावर गेलो. स्वच्छ वाळू, उथळ पाणी, फारशी गर्दी नाही. लॅपटॉप खोलीतच राहिला. फोन दोनदा वाजला, तो बायकोच्या आईचा होता. पाण्यात पाय सोडून आम्ही शहाळं प्यायलो आणि बाकी काहीही केलं नाही. इतकं काहीही न करणं कधी जमलंच नव्हतं.

परत आल्यावर काकांनी विचारलंच, "काय, झाली का मजा?" मी हो म्हणालो.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही आई-बाबांना पुण्याबद्दल सांगितलं. बाबा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आम्हाला आधी विचारायचं होतं." म्हणजे तक्रार सगळ्यांची एकच निघाली. बायकोने ऑफिसात पुन्हा विचारलं आहे, उत्तर अजून आलेलं नाही. पण आमच्या घरात 'दोन मिनिटं' म्हणायला आता बंदी आहे. चुकून तोंडातून निघालंच, तर हेडफोन काढून ठेवायचे आणि लगेच ऐकायचं.