भाषेचे मतदारसंघ आणि बाबासाहेबांचा उपाय

बहुभाषिक देशात भाषावार मतदारसंघ असावेत, असा विचार अधूनमधून मांडला जातो. ब्रुसेल्सच्या प्रादेशिक विधिमंडळात ८९ पैकी ७२ जागा फ्रेंच गटाला आणि १७ डच गटाला ठरवून दिलेल्या आहेत, हे उदाहरण त्यासाठी पुढे करता येते. मला ही कल्पना आपल्याच भागात तपासून पाहावीशी वाटते.

२००८ च्या फेररचनेत कल्याण लोकसभा मतदारसंघ निर्माण झाला. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण पूर्व, डोंबिवली, कल्याण ग्रामीण, मुंब्रा-कळवा हे त्याचे सहा भाग. उल्हासनगरात फाळणीनंतर छावण्यांत वसलेला सिंधी समाज आहे. सिंधीला १९६७ साली आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. राज्य मात्र मिळाले नाही. मुंब्र्यात उर्दू, जुन्या गावांत आगरी, चाळींतून हिंदी. फेररचनेच्या कायद्याला लोकसंख्या दिसते, भूगोल दिसतो. भाषा दिसत नाही. या भाषिकांची तक्रार खरी आहे.

परंतु उद्या मराठीचा स्वतंत्र मतदारसंघ झाला, तर त्यात बोलणार कोण? वस्तीतला बौद्ध आणि सोसायटीतला सवर्ण यांची भाषा एक आहे, म्हणून त्यांची सत्ता एक होते काय? १९५५ साली भाषावार राज्यांविषयी लिहिताना बाबासाहेबांनी हेच बजावले होते. भाषिक प्रदेशात एखादी मोठी जात सत्ता बळकावते आणि लहान जाती तिच्या आश्रित होतात. राखीव जागेनेही हा प्रश्न पुरता सुटत नाही. अंबरनाथ विधानसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. पण उमेदवाराचे भवितव्य सर्वांच्या मतांवर ठरते. १९३२ च्या पुणे करारापासूनचे हे दुखणे आहे.

बाबासाहेबांनी त्याच लेखनात उपाय सांगितला: दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि संचयी मतदान. तीन जागा असतील तर मतदाराला तीन मते. ती तिन्ही तो एकाच उमेदवाराला देऊ शकतो. मग पाव हिश्शाहून थोडा अधिक असलेला गट एकजुटीने एक जागा हमखास जिंकतो. त्याची जात वा भाषा कोणी नोंदवायला नको.

ठाणे महानगरपालिकेच्या १३१ जागांसाठी २०१७ साली बहुतेक चार सदस्यांचे प्रभाग होते. मात्र अ, ब, क, ड या प्रत्येक जागेला वेगळे मत द्यायचे होते. अशा रीतीत निम्म्याहून थोडा मोठा गट चारही जागा नेऊ शकतो. म्हणजे बहुसदस्यत्व घेतले, बाबासाहेबांचे संचयी मत वगळले.

म्हणून प्रभागाच्या सीमांवर हरकती नोंदवणाऱ्या कार्यकर्त्यांनी मत कसे मोजले जाते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. सिंधी दुकानदार आणि बौद्ध कामगार, दोघांचाही हा प्रश्न आहे.