हत्ती स्वस्त, चारा महाग!

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यांच्या काळी मोटारींचा सुळसुळाट असता, तर ‘जुनी उंची मोटार पाहावी ठेवून’ हे तिसरे कलमही त्यांनी खात्रीने जोडले असते. घर आणि लग्न यांचा खर्च एकदाच होतो. उंची मोटारीचा खर्च मात्र ती दारात आल्यावर सुरू होतो!

या मोटारींच्या बाजारात एक चमत्कार रोज पाहायला मिळतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी जी गाडी केवळ श्रीमंतांच्या दारात दिसे, तीच आज साध्या नव्या गाडीच्या किमतीत, किंबहुना त्याहूनही कमी किमतीत मिळते. रंग झळझळीत, आसने कातड्याची, नाव जगप्रसिद्ध! मध्यमवर्गीय माणसाचे मन डळमळले तर नवल काय? पण हा सौदा खरा की फसवा, हे ठरवायचे तर त्यातलीच एक गाडी नीट उघडून पाहिली पाहिजे.

टांग्याला शर्यतीचा घोडा

उदाहरणादाखल जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीची एम फाइव्ह ही गाडी घेऊ. तिची जी पिढी २००५ ते २०१० या काळात विकली गेली, तिच्याबद्दल आपण बोलत आहो. बाहेरून पाहिली तर चार दारांची सभ्य कौटुंबिक गाडी. मागे मुले ऐसपैस बसतील, डिकीत चौघांचे सामान मावेल. पण बॉनेट उघडले की आत दहा सिलिंडरांचे, पाच लिटरचे आणि ५०७ अश्वशक्तीचे धूड! त्या सुमारास ही कंपनी फॉर्म्युला वन शर्यतीतल्या विल्यम्स संघाला दहा सिलिंडरांची इंजिने पुरवीत होती. त्याच दिमाखाचा वारसा या गाडीला लाभला. साध्या गाडीचे इंजिन मिनिटाला सहा-साडेसहा हजार फेऱ्यांतच दमते, हे ८,२५० फेऱ्यांपर्यंत जाते. गाडी सुरू केल्यावर प्रथम ४०० अश्वशक्तीच हाती येते. उरलेल्या शंभरांसाठी एक वेगळे बटण दाबावे लागते! शून्यापासून शंभर किलोमीटरचा वेग पाच सेकंदांच्या आत, आणि पुढे ताशी २५० वर संगणकच लगाम खेचतो.

अमेरिकेत ही गाडी नवी असताना ऐंशी हजार डॉलरांच्या वर विकली गेली. आज तिकडे बऱ्यापैकी धावलेली गाडी त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्यात मिळते. मग उरलेला तीन चतुर्थांश पैसा गेला कुठे? तो पुढच्या मालकाच्या बिलांत लपून बसलेला असतो.

दुखणी राजघराण्यातली

पहिले आणि सर्वांत भयंकर दुखणे बेअरिंगांचे. पिस्टनाला क्रँकशाफ्टशी जोडणारे दहा दांडे असतात. प्रत्येक दांडा शाफ्टवर जिथे फिरतो, तिथे मऊ धातूच्या पातळ बेअरिंगच्या दोन अर्धगोल पाकळ्या असतात. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यातली फट अगदी थोडी. तेल मात्र १०डब्ल्यू-६० या जातीचे, गार असताना काकवीसारखे दाट. सकाळी गाडी सुरू करून लगेच पाय दाबला, की तेल नीट पोहोचण्यापूर्वीच धातूवर धातू घासू लागतो. म्हणूनच तेल तापेपर्यंत इंजिन किती फिरवावे, हे दाखवणारे दिवे या गाडीच्या काट्याभोवती दिले आहेत. पण घाईच्या माणसाला ते दिसतात कुठे?

ही झीज आवाज न करता होते. ठकठक ऐकू येते तेव्हा बहुधा वेळ निघून गेलेली असते. बेअरिंग वेळीच बदलायचे तर अमेरिकेत दोन-चार हजार डॉलर लागतात. न बदलता इंजिनच गेले, तर दुसऱ्या इंजिनाचा खर्च कित्येकदा गाडीच्या किमतीइतकाच होऊन बसतो. म्हणून शहाणे मालक दीड लाख किलोमीटर होण्याच्या आतच, काही बिघडलेले नसताना, ती बदलून टाकतात.

दुसरे दुखणे इंजिनाच्या झडपांची वेळ मागेपुढे करणाऱ्या यंत्रणेचे. ती फार मोठ्या दाबाच्या तेलावर चालते. तिचा पंप किंवा नळी बिघडली, की काम महागात जाते. तिसरे, हवेची दारे उघडणाऱ्या दोन विद्युत् यंत्रांचे. त्यांच्या आतली लहानशी दातेरी चाके झिजतात आणि पाचशे अश्वशक्तीची गाडी भर रस्त्यात लंगडू लागते.

चौथे दुखणे एसएमजी नावाच्या गिअरपेटीचे. इथे क्लच माणूस दाबत नाही. तेलाच्या दाबावर संगणक दाबतो. मोकळ्या रस्त्यावर हे काम झकास चालते. शहराच्या गर्दीत मात्र मुंगीच्या पावलाने सरकताना क्लच तापतो, झिजतो आणि पंपालाही शीण येतो. अमेरिकेत साध्या हातगिअरचीही गाडी मिळत असे, आणि आज तिला अधिक भाव येतो. बाजाराचे शहाणपण म्हणतात ते हेच!

यात टायर, ब्रेक आणि पेट्रोल धरलेले नाही. पुढचे टायर एका रुंदीचे, मागचे दुसऱ्या. त्यामुळे पुढचे मागे टाकून काटकसर करण्याची सोयच नाही. पेट्रोल कागदोपत्री लिटरला सात किलोमीटरही पुरत नाही. गर्दीतल्या आकड्याविषयी न बोललेलेच बरे.

पहिल्याची मजा, तिसऱ्याला सजा

अमेरिकेत या गाडीला चार वर्षांची किंवा ५०,००० मैलांची हमी होती आणि त्या मुदतीत नेहमीची देखभालही कंपनीच करीत असे. पहिल्या मालकाने गाडी पळवली, मिरवली आणि हमी संपताच विकली. त्याला बिल ठाऊकच नाही! दुसऱ्याने थोडेफार सोसले. तिसऱ्याच्या दारात ती आली ती सगळी दुखणी एकदम घेऊन.

आता हिशेब मांडू. समजा, गाडी वीस हजार डॉलरांना पडली. पहिल्या दोन वर्षांत बेअरिंगांना तीन हजार, गिअरपेटीच्या पंपाला अडीच, ब्रेकना दोन, टायरना दीड आणि हवेच्या यंत्रांना एक हजार धरले, तर दहा हजार झाले. म्हणजे अर्धी गाडी पुन्हा विकत घेतली! इथे एक सूत्र ध्यानात ठेवावे: वयाबरोबर गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. वीस हजारांची गाडी ऐंशी हजारांच्या गाडीचीच बिले खाते.

सगळ्याच उंची गाड्या अशा असतात असे मात्र नाही. जपानच्या टोयोटाने १९८९ साली आणलेली लेक्सस एलएस ४०० हीही आलिशानच. पण तिचे इंजिन शांतपणे, न ताणता चालण्यासाठी घडवलेले होते. तिने दीर्घायुष्याची कीर्ती मिळवली. दोष ऐश्वर्याचा नव्हे. शर्यतीचे यंत्र संसाराला जुंपण्याचा आहे.

घ्यायचीच असेल तर

हेच गणित मुंबई-पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातही लागू पडते. तेथे कातडी आसनांवर भाळू नका. पहिल्या दिवसापासूनचे देखभालीचे कागद मागा. गाडी इंजिन गार असतानाच सुरू करून पाहा. विकणाऱ्याने ती आधीच तापवून ठेवली असेल, तर ‘उद्या सकाळी येतो’ म्हणा. त्या जातीच्या गाड्यांचा अनुभव असलेल्या कारागिराकडून तपासणी करून घ्या आणि संगणकातले दोष वाचून घ्या. शक्य असेल तर इंजिनातले थोडे तेल प्रयोगशाळेत धाडा. तेलात शिसे आणि तांबे प्रमाणाबाहेर निघाले, तर बेअरिंगे झिजत आहेत असे समजावे. आणि सौदा करण्यापूर्वी किमतीच्या निम्मी रक्कम निराळी काढून ठेवा. ती काढता येत नसेल, तर गाडी आपल्याला परवडत नाही, मग ती कितीही स्वस्त असो.

मुलांच्या फीचे किंवा आजारपणासाठी राखलेले पैसे या फंदात घालणे हा तर शुद्ध अविचार. पण ज्याच्या गाठीला पैसा आहे, हाताला अवजारे आहेत आणि कानाला त्या दहा सिलिंडरांच्या गर्जनेची गोडी आहे, त्याला आम्ही अडवणार नाही. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरेच. हौसेचे बिल मात्र दर महिन्याला येते. ते हसत भरता येईल, त्यानेच हा हत्ती दारी झुलवावा.