गावाच्या हातातली शाळा

कोपनहेगन : डेन्मार्कच्या राज्यघटनेत सक्ती आहे ती शिक्षणाची, शाळेची नाही. मूल सरकारी शाळेत घालायचे, पालकांनी काढलेल्या शाळेत की घरीच शिकवायचे, हे आईवडील ठरवतात. शिकवणे सरकारी शाळेच्या तोडीचे हवे, ही घटनेची अट. याच्या मुळाशी धर्मोपदेशक ग्रुंटविग यांचा एकोणिसाव्या शतकातला आग्रह आहे, की शाळेने जगायला शिकवावे. वर्ध्याला 1937 साली मांडली गेलेली नई तालीम किंवा कणकवलीच्या गोपुरीतले अप्पासाहेब पटवर्धनांचे काम ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा विचार परका वाटणार नाही. फरक एवढाच, की डेन्मार्कने त्या विचाराच्या हाती अधिकार आणि पैसाही दिला. 2007 मध्ये इथल्या 271 नगरपालिकांच्या 98 झाल्या आणि पुढच्या वर्षांत खेड्यांतल्या अनेक लहान शाळांना कुलपे लागली. तेव्हा काही गावांनी स्वतःच्या शाळा उभ्या केल्या. अशा शाळेला सरकारी शाळेतल्या दरडोई खर्चाच्या सुमारे तीन चतुर्थांश अनुदान मिळते, बाकीची फी. पालक सभेत मंडळ निवडतात, मंडळ मुख्याध्यापक नेमते, आणि सुट्टीच्या दिवशी भिंती रंगवायलाही पालकच येतात.

मालवणच्या वाडीवर चित्र उलटे आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक बसवले. पण शिक्षक कोण येणार आणि पट वीसच्या खाली गेला तर शाळेचे काय करायचे, हे त्यांच्या हातात नाही. पालकांकडे कारभार दिला तर शाळा जातीधर्माच्या कोंडाळ्यात अडकतील, ही भीती खरी आहे. म्हणूनच डेन्मार्कमध्ये स्वातंत्र्य आणि लोकशाही शिकवण्याची अट आहे, आणि ती मोडणाऱ्या शाळांचे अनुदान बंदही झाले आहे. फीची वाट मात्र कोकणाने घेऊ नये. ज्यांना फी परवडते त्यांची मुले आधीच इंग्रजी शाळेच्या गाडीत बसली आहेत. मागे राहिली ती रापणकाराची, मजुराची. त्यांच्या शाळेचा सगळा खर्च सरकारनेच उचलला पाहिजे. चार मुलांत कसले शिक्षण, असेही विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, कधी दोन शाळा एकत्र करणे मुलांच्याच भल्याचे ठरेल. पण आषाढात भरलेला व्हाळ ओलांडून सहा वर्षांचे पोर पलीकडच्या शाळेत जाऊ शकेल का, हे ओरोसच्या जिल्हा मुख्यालयात बसून कळत नाही. समितीतल्या पालकांच्या बहुमताशिवाय एकही शाळा बंद होऊ नये, एवढी दुरुस्ती कायद्यात व्हायला हवी, आणि ती मागणी सिंधुदुर्गातूनच उठायला हवी.