जुन्या गाडीचे स्टिअरिंग बसवताना

मुंबईच्या टॅक्सीतून प्रीमियर पद्मिनी 2023 साली गेली. शौकीन मालकांनी मात्र ती जपली आहे. अशा जुन्या गाडीचे स्टिअरिंग परत चढवण्याआधी बॅटरीची अर्थची तार सोडावी. पुढची चाके सरळ ठेवून स्टिअरिंगचे दाते जुळवावेत, मगच मधला नट कंपनीच्या मापाने आवळावा. तो ढिला राहिला तर जिवाशी गाठ!

हॉर्नचे बटण बहुधा फक्त अर्थ जोडते. म्हणून त्याखालचा फायबरचा वायसर मामुली समजू नये. घाईत तो राहून गेला, की बॅटरी जोडताच हॉर्न अखंड बोंबलतो. तारेला, शिलाईत कापडाला देतो तशी, थोडी ढील द्यावी. बॅटरी जोडल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून हॉर्न तपासावा.