'45 टक्के कपात' म्हणजे नक्की काय? सरकारी आश्वासन वाचायला मुलांना शिकवूया



पर्यावरणाच्या धड्यावर मुलं हमखास लिहितात, "भारत कार्बन उत्सर्जन कमी करणार आहे." आपणही गुण देऊन मोकळे होतो. पण "म्हणजे कोराडीचा धूर कमी होणार का?" असं एखाद्याने विचारलं तर? नागपूरच्या मुलांना हा प्रश्न पडायलाच हवा. कोराडी आणि खापरखेडा ही कोळशावरची दोन मोठी वीजकेंद्रं आपल्या शहराजवळच आहेत.

आश्वासन काय आहे?

नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारताने 2070 पर्यंत 'नेट झिरो' गाठण्याचं जाहीर केलं. ऑगस्ट 2022 मध्ये 2030 साठीची सुधारित उद्दिष्टं ठरली. त्यातली दोन महत्त्वाची:

1. जीडीपीची उत्सर्जन तीव्रता 2005 च्या तुलनेत 45 टक्क्यांनी कमी करणे.
2. वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी सुमारे 50 टक्के वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा असणे.

शब्द नीट वाचा

'तीव्रता' म्हणजे एकूण धूर नव्हे, तर दर रुपयाच्या उत्पन्नामागचा धूर. फळ्यावर मांडा: आधी 100 रुपये उत्पन्न, 100 किलो कार्बन. तीव्रता 45 टक्क्यांनी घटली, पण उत्पन्न 400 रुपये झालं. आता कार्बन किती? 400 × 0.55 = 220 किलो. आश्वासन पाळलं गेलं आणि धूर दुपटीहून जास्त झाला!

'क्षमता' शब्दाचंही तसंच. 50 टक्क्यांचं उद्दिष्ट 2025 च्या मध्यातच पूर्ण झालं. पण सौर पॅनेल रात्री वीज देत नाही, कोळशाचा संच देतो. म्हणून क्षमता निम्मी असली, तरी 2024-25 मध्ये प्रत्यक्षात 70 टक्क्यांहून जास्त वीज कोळशाचीच होती.

कोराडीचं गणित

कोराडीत 660 मेगावॅटचे तीन संच आहेत. आणखी दोन संचांच्या प्रस्तावावर मे 2023 मध्ये जनसुनावणी झाली. असा एक संच पूर्ण क्षमतेने तासभर चालला, तर 6 लाख 60 हजार युनिट वीज तयार होते. युनिटमागे साधारण 0.9 किलो धरला, तर तासाला जवळपास 600 टन कार्बन डायऑक्साइड! नवा संच जुन्यापेक्षा कोळसा कमी खातो, हे खरं. पण एकदा उभारला की तो पंचवीस-तीस वर्षं तरी चालतो.

मग सरकार खोटं बोलतंय का?

तसंही नाही. क्षमतेचं उद्दिष्ट मुदतीच्या पाच वर्षं आधी गाठलं, ही मोठी गोष्ट आहे. दरडोई उत्सर्जनातही आपण जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून खाली आहोत. शंका घेणं म्हणजे सरसकट नाकारणं नव्हे, हा फरक मुलांना समजला पाहिजे.

वर्गात विचारायचे तीन प्रश्न

- ही कपात कशाच्या तुलनेत आहे?
- टक्केवारी नेमकी कशाची आहे?
- मधल्या वर्षांचा हिशोब कोण देणार?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आज सहावीत असलेलं मूल 2070 मध्ये पन्नाशी ओलांडलेलं असेल. तेव्हा जाब विचारायला आपण नसू.

गृहपाठ: घरच्या वीजबिलातले युनिट बघा, 0.9 ने गुणा. सगळी वीज कोळशाची धरली, तर आपल्या घराचा महिन्याचा कार्बन किती?