कारखान्याचं उरलेलं काम

इंजिन बदललं, गिअरबॉक्स बदलला, ब्रेक बदलले. मग गाडी तीच राहिली का? आपल्याकडे हा वाद गॅरेजच्या बाकड्यावर चालतो आणि चहा संपला की मिटतो. ब्रिटनच्या वाहन परवाना खात्याने मात्र त्यासाठी गुणांचा तक्ताच केला. चासी किंवा एकसंध सांगाडा असेल तर पाच गुण. सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन. इंजिनाला एक. फेरफारानंतर मूळ सांगाड्यासह चौदापैकी आठ गुण शिल्लक राहिले तर जुना नंबर टिकायचा, नाही तर गाडीची ओळखच नव्याने ठरायची. २०२५ मध्ये नियम बदलेपर्यंत अनेक वर्षं हा हिशोब चालला. मालक ज्या इंजिनाचं कौतुक येईल-जाईल त्याला ऐकवतो त्याला एक गुण, आणि पायाखाली मुकाट गंजणाऱ्या पत्र्याला पाच! सरकारी तक्त्यात एवढा शहाणपणा क्वचितच आढळतो.

मॉरिस मायनर, रोव्हर, ट्रायम्फ, जॅग्वार मार्क टू अशा जुन्या ब्रिटिश सलून गाड्या बाळगणाऱ्यांत उघड उघड दोन तट आहेत. एका तटाला गाडी शोरूममधून निघाली तशीच हवी: तोच रंग, तीच वायरिंग, स्क्रूचं डोकंसुद्धा त्याच जातीचं. दुसऱ्या तटाला ती रोज चालवायची असते, आणि आजच्या मोटरवेवर ट्रकमागून रडतखडत जायचं नसतं. पहिल्यांना प्रदर्शनात बक्षिसं मिळतात, दुसऱ्यांना टोमणे. माझा कौल दुसऱ्यांना आहे, आणि तो केवळ सोयीपोटी नाही. या गाड्यांच्या जन्मकथा वाचत गेलं की लक्षात येतं, यांतल्या बऱ्याच कारखान्यातून अर्ध्यामुर्ध्याच बाहेर पडल्या. अभियंत्यांच्या डोक्यात बरंच काही होतं, तिजोरीत नव्हतं. मालक आज जे करतात ते पुष्कळदा कारखान्याकडून राहून गेलेलं काम असतं, आणि त्यासाठीचा माल ते बहुतेक वेळा त्याच घराच्या कोठीतून काढतात.

रोव्हर २०००, म्हणजे कंपनीच्या नोंदीतली पी-६, हे याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण. रोव्हर म्हटलं की तोवर डॉक्टर, वकील, बँकेचे मॅनेजर डोळ्यांपुढे यायचे. आत लाकूड आणि चामडं, आणि कसलीही घाई नाही. ऑक्टोबर १९६३ मध्ये त्याच कंपनीने जी गाडी आणली तिच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक होते, कॅमशाफ्ट इंजिनाच्या डोक्यावर होता आणि मागचं सस्पेन्शन डी डियॉन पद्धतीचं, म्हणजे तेव्हा महागड्या नि शर्यतीच्या गाड्यांत दिसणारं. स्पेन किंग, पीटर विल्क्स, गॉर्डन बॅशफर्ड ही त्यामागची अभियंता मंडळी. युरोपातल्या मोटार-पत्रकारांनी ‘कार ऑफ द इयर’ हा किताब १९६४ साली पहिल्यांदा दिला, तो या गाडीला.

तिचे बारकावे अजूनही मोह पाडतात. पुढच्या मडगार्डांवर बसवलेल्या छोट्या दिव्यांच्या माथ्यावर काचेचा एक लोलक आहे. दिवा लागला की त्याचा उजेड लोलकातून ड्रायव्हरला सीटवरूनच दिसतो, आणि गाडी उभी करताना कोपरा कुठवर आला तेही कळतं. रस्त्यावर बर्फ धरण्याइतकी थंडी पडली की सूचना देणारा एक संवेदक पुढच्या जाळीत बसवून मिळायचा. पुढच्या स्प्रिंगा मात्र उभ्या नसून आडव्या का, हे बॉनेट उघडून बघणाऱ्याला चटकन उमगत नाही. त्यांचा जोर इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीवर येतो आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंना भरपूर जागा सुटते. ही जागा गॅस टर्बाइनसाठी होती. रोव्हरने १९५० मध्येच टर्बाइनवर चालणारी मोटार करून दाखवली होती, आणि १९६१ मध्ये पी-६ च्याच अंगाची टी-४ ही टर्बाइन गाडी लोकांपुढे आणली. टर्बाइनची इंधनाची भूक काही आवरेना. ते बारगळलं, रुंद जागा तेवढी राहिली, आणि तिच्यात दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन.

ती भरली अमेरिकेच्या टाकाऊ मालाने. ब्यूक कंपनीने १९६१ साली ॲल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन काढलं होतं. ओतकाम खर्चिक पडतं म्हणून तीनच वर्षांत त्यांनी ते सोडून दिलं. रोव्हरचे व्यवस्थापकीय संचालक विल्यम मार्टिन-हर्स्ट १९६४ च्या सुमारास बोटींची इंजिनं करणाऱ्या मर्क्युरी मरीनमध्ये गेले असता तिथे त्यांच्या नजरेस ते पडलं. त्यांनी हक्क मिळवले. जो टर्ली नावाचा निवृत्तीला आलेला ब्यूकचा इंजिनतज्ज्ञही रोव्हरच्या सोलिहल कारखान्यात आला. १९६७ मध्ये ते आधी थोरल्या पी-५बी मध्ये बसलं. ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या दिमतीला ज्या रोव्हर असत त्या ह्याच. आणि १९६८ मध्ये पी-६ मध्ये. ३५२८ सीसी, आणि वजन जुन्या चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा फारसं जास्त नाही. म्हणजे गंमत बघा: आज ज्याला ‘अस्सल रोव्हर व्ही-८’ म्हणून जपतात ते इंजिनच मुळात दुसऱ्याच्या घरातून आणून बसवलेलं. कंपनीने केलं म्हणून त्याला फेरफार म्हणायचं नाही, एवढंच.

पुढे मात्र घोडं अडलं. १९६८ मध्येच रोव्हर ब्रिटिश लेलँडच्या अवाढव्य कुटुंबात गेली आणि पैशांची ओढाताण सुरू झाली. १९७१ ची ३५०० एस ही व्ही-८ ची हाताने गिअर टाकायची आवृत्ती. तिच्यात दोन लिटरच्या गाडीचाच चार गिअरचा बॉक्स जरा मजबूत करून घातला. एवढ्या जोराला तो पुरा पडत नाही, हे चालवणाऱ्यांना लवकरच कळलं. १९७६ मध्ये एसडी-१ ही नवी रोव्हर आली, तेच व्ही-८ इंजिन पण पाच गिअरचा नवा बॉक्स घेऊन. १९७७ मध्ये पी-६ बंद झाली. सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या निघाल्या, त्यांतल्या एकीलाही कारखान्यात पाचवा गिअर मिळाला नाही.

आज पी-६ च्या मालकाने पहिली मोठी सुधारणा करायची ठरवली की तो बहुधा एसडी-१ चा बॉक्सच शोधतो. केबिनमधल्या उंचवट्याचा पत्रा थोडा कापावा-ठोकावा लागतो, खालचा आधार नव्याने करावा लागतो, शाफ्टची लांबी जुळवून घ्यावी लागते. पण पाचव्या गिअरवर मोटरवेला इंजिन निवांत होतं आणि गाडी पहिल्यांदा तिच्या चासीच्या लायकीने चालते. इंजिनाचंही तसंच. तेच व्ही-८ रेंज रोव्हरमध्ये गेलं, वाढत वाढत ४.६ लिटरचं झालं आणि डिस्कव्हरीमध्ये २००४ पर्यंत निघत राहिलं. भंगारात गेलेल्या रेंज रोव्हरचं काळीज काढून पी-६ ला बसवणारे पुष्कळ आहेत. रुंद जागा तिथे वाट बघतच होती.

पैसे आधी कुठे घालावेत, यावर जाणते एकमुखाने बोलतात, आणि तिथे सरकारी तक्त्याचे पाच गुण आठवतात. पी-६ चा सांगाडा आधी उभा राहायचा आणि त्यावर मडगार्ड, दारं, एवढंच काय, छप्परसुद्धा बोल्टांनी बसायचं. दुरुस्तीला हे झकास. खरेदीला घातक. बाहेरचा पत्रा रंगवून चकचकीत करता येतो आणि आत भार पेलणारा सांगाडा कुजलेला असू शकतो. म्हणून अनुभवी माणूस रंगाकडे बघतच नाही. मागच्या सीटची गादी उचलतो, पाठ सोडवतो, मागच्या चाकाच्या कमानीलगतच्या खांबापर्यंत बॅटरीचा झोत नेतो आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघतो. टोक आत गेलं की भाव तिथल्या तिथे पडतो. मग दाराखालच्या पट्टीचं बाहेरचं आवरण काढून दाखवायला सांगतो. विकणारा कां-कूं करू लागला की सौदा संपला.

मागच्या ब्रेकचं प्रकरण तर अभियंत्यांच्या हौसेचा मासलाच आहे. चाकांवरचं वजन कमी राहावं म्हणून मागच्या डिस्क चाकांपाशी न ठेवता मध्ये, डिफरन्शियलला चिकटून बसवल्या आहेत. चालवताना याचा फायदा कळतो. पॅड बदलताना मात्र गाडी उंच चढवून, उताणं पडून, कोपरापासून हात वाकवत डिफरन्शियल आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत घालावा लागतो. डिफरन्शियलचं सील गळत असेल तर ऑइल थेट डिस्कवर येतं. हँडब्रेकच्या जोडण्या तिथेच, त्या अडचणीत. जुन्या गाड्या पाळणाऱ्या माणसाचा स्वभाव जोखायचा असेल तर त्याला हँडब्रेकबद्दल विचारावं.

मॉरिस मायनरची जात वेगळी, पण कथा तीच. अलेक इसिगोनिस यांनी ती १९४८ च्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनासाठी घडवली. ऐन वेळी त्यांना ती अरुंद वाटली, म्हणून नमुन्याची गाडी लांबीत मधोमध कापून दोन्ही भाग चार इंच सरकवले. बॉनेटच्या मधोमध जी सपाट पट्टी दिसते ती या चार इंचांची खूण. आधीच तयार झालेले बंपरसुद्धा कापून मध्ये तुकडा घातला होता. इंजिन मात्र जुन्या मॉरिस एटचंच घ्यावं लागलं, ९१८ सीसीचं. चासी एका पिढीची, इंजिन मागच्या पिढीचं. पुढे ए-सिरीज इंजिन आलं आणि ८०३, ९४८ करत १०९८ सीसीवर थांबलं. तेच इंजिन १२७५ सीसीपर्यंत वाढून मॉरिस मरीनात गेलं, आणि मरीनाचं पुढचं सस्पेन्शन मायनरवरूनच बेतलेलं. त्यामुळे मायनरचा मालक मरीनाचं इंजिन आणि डिस्क ब्रेक बसवतो तेव्हा लेकीचा दागिना आईच्या अंगावर येतो. पाच गिअरसाठी मात्र फोर्ड सिएराचा बॉक्स घालायची रीत आहे, आणि त्यावर कट्टर मॉरिसवाल्यांची तोंडं वाकडी होतात.

बाथ शहरात मायनरचं केंद्र चालवणाऱ्या चार्ल्स वेअर यांनी १९८२ मध्ये टिकाऊ मोटार-मालकीवर पुस्तकच लिहिलं. नवी गाडी घेऊन तिची किंमत घसरताना बघण्यापेक्षा मायनर घ्या, दर वर्षी थोडी सुधारत न्या, असा त्यांचा रोकडा युक्तिवाद होता. लागणारे पत्र्याचे भाग पुढे श्रीलंकेत बनवून घेण्यापर्यंत त्यांची मजल गेली.

काही बदल हौसेचे नसून गळ्यात पडलेले. ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोल १९९९ अखेर बंद झालं. या शिशाचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यात उशीसारखा असायचा. तो गेला की मायनरच्या बिडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह हळूहळू रुतत जातो आणि टॅपेटची फट बुजते. कायमचा उपाय एकच: हेड उतरवून कडक धातूच्या बैठका दाबून बसवणे. रोव्हरच्या व्ही-८ चं हेड ॲल्युमिनियमचं, त्यात वेगळ्या बैठका मुळातच घालाव्या लागल्या होत्या. ते त्यातून सहज तरलं. मग सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल आलं आणि जुन्या रबरी नळ्या, डायफ्रॅम, सीलं यांची पाळी आली. आपल्याकडे वीस टक्क्यांवर गेलेल्या पेट्रोलबद्दल कुरकुरणाऱ्यांना ही कहाणी ओळखीची वाटेल.

इग्निशनचे पॉईंट काढून इलेक्ट्रॉनिक करणं ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत निमूट सुधारणा. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणाखाली सगळं लपतं. फीलर गेज घेऊन चौदा-सोळा हजारांश इंचाची फट जमवत बसण्यात एक सुख आहे हे कबूल. पावसात हायवेच्या कडेला नाही.

मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपुढच्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट आहे, पण तीस वर्षांत तिच्यात ‘लक्षणीय बदल’ झालेला नसावा. या शब्दाखाली काय येत नाही ते वाचण्यासारखं आहे. मूळ भाग मिळेनासे झाले म्हणून केलेले बदल चालतात. उत्पादन संपल्यापासून दहा वर्षांच्या आत रूढ असलेले बदल चालतात. ॲक्सल, ब्रेक वगैरेंमध्ये सुरक्षितता किंवा कार्यक्षमता वाढवण्यासाठी केलेले बदलही चालतात. त्याच इंजिनाची वेगळ्या सीसीची आवृत्ती चालते. म्हणजे कायद्यालाही घरातला आणि परका हा भेद कळतो.

आपलाही या घराण्याशी संबंध आहे, आणि तो नुसता आठवणींचा नाही. टाटा मोटर्सने २००८ मध्ये जॅग्वार लँड रोव्हर घेतली तेव्हा रोव्हर हे नावही त्यात आलं; पी-६ जिथे घडली तो सोलिहलचा कारखाना आज मुंबईतल्या बॉम्बे हाऊसच्या छत्राखाली आहे. एसडी-१ चे साचे १९८० च्या दशकात मद्रासला आले आणि स्टँडर्ड २००० निघाली. व्ही-८ च्या जागी तिच्यात जुन्या व्हॅनगार्डच्या वंशातलं दोन लिटरचं इंजिन घातलं होतं. गाडी चार वर्षंही धड चालली नाही. कारखाना बंद पडून वर्षं लोटल्यावर तिथला न वापरलेला सुट्या भागांचा साठा एका ब्रिटिश व्यापाऱ्याने उचलला. ब्रिटनमधल्या कितीतरी एसडी-१ मद्रासच्या मालावर सावरल्या असतील.

इकडचा नियम मात्र निराळा. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. अट अशी, की चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. आणि गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणायची. ब्रिटनच्या तक्त्यात इंजिनाला एकच गुण होता, इथे ते चासीच्या पंक्तीला. हा नियम पहिल्या तटाने लिहिला असावा असं मला वाटतं. गाडी वापरातून उठली की तिचे मिस्त्री उठतात आणि मागोमाग सुटे भागही.

यात अँबॅसेडरचं कोडं बाकी राहतं. मूळ ती मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. तिला १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तरपाड्याच्या कारखान्यातच इसुझूचं १.८ लिटर इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स मिळाला. ब्रिटनमध्ये एखाद्या ऑक्सफर्डच्या मालकाने आपल्या शेडमध्ये नेमकं हेच केलं तर त्याला तपासणी अधिकाऱ्यापुढे कागद मांडावे लागतील. इसुझूवाली अँबॅसेडर २०४० नंतर पन्नाशीला पोचेल, तेव्हा तिला ‘मूळ स्वरूपातली’ म्हणून व्हीए नंबर मिळायला काही अडचण दिसत नाही.